रियलप्लेअरच्या काळातले जपानी व्हिडिओ: शोधायचे कुठे आणि कोकणात टिकवायचे कसे

साधारण १९९६-९७ पासून २००६-०७ पर्यंत जपानी साइट्सवर जे छोटे छोटे व्हिडिओ पडलेले असायचे, म्हणजे सिनेमाचे ट्रेलर, गाण्यांचे प्रोमो, टीव्हीच्या जाहिराती, मुखवटेवाल्या सुपरहिरोंच्या मालिकांच्या पुढच्या भागाची झलक, गेमचे डेमो, कुस्तीच्या क्लिप, एखाद्या गायिकेने फक्त साइटसाठी कॅमेऱ्यात बघून केलेला नमस्कार, ते सगळं भराभर नाहीसं होतंय आणि याबद्दल मराठीत नीट लिहिलेलं मला कुठे दिसलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बरेच जण म्हणतात, अरे त्याची डीव्हीडी आली असेल, यूट्यूबवर चांगल्या क्वालिटीत असेल, कशाला त्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या व्हिडिओच्या मागे लागायचं. ट्रेलरच्या बाबतीत कधी कधी खरंय ते. पण जे फक्त वेबसाठी शूट झालं ते टीव्हीवर लागलंच नाही, टेपवर आलं नाही, त्याची उरलेली प्रत म्हणजे कुणाकडे तरी असलेली ती दीड-दोन एमबीची आरएम फाइल, रियलप्लेअर या त्या काळच्या व्हिडिओ प्लेअरची. ती गेली की विषय संपला.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. मूळ फाइल हाताला लागली की तिची आधी जशीच्या तशी कॉपी काढायची. नाव बदलायचं नाही, कन्व्हर्ट करायची नाही, प्लेअर विचारेल "फाइल रिपेअर करू का" त्याला हो म्हणायचं नाही. जे काही प्रयोग करायचे ते कॉपीवर.

तो काळ थोडा समजून घ्या, शोधायला उपयोग होतो

जपानमध्ये तेव्हा फोनचं बिल मिनिटावर होतं. तिकडच्या एनटीटी या फोन कंपनीने १९९५ मध्ये तेलेहोदाई नावाची स्कीम काढली, रात्री ११ ते सकाळी ८ ठरलेल्या नंबरांवर एकरकमी पैशात कितीही वेळ बोला, त्यामुळे तिकडची नेटवाली पिढी रात्रभर जागी असायची. लाइन म्हणजे मोडेम नाहीतर ६४ केबीपीएसचं आयएसडीएन. म्हणून १९९७ ते २००० च्या आसपासचा जपानी व्हिडिओ बहुतेक १६० बाय १२० साइजचा, २८के किंवा ५६के असं नाव लावलेला, आणि रियलव्हिडिओत. २००१ मध्ये याहू बीबीने स्वस्त एडीएसएल आणलं आणि मग ३२० बाय २४०, ३००के, ५००के, विंडोज मीडिया असं सगळं दिसायला लागतं. म्हणजे फाइलवर तारीख नसली तरी साइज आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा ते) बघून ती साधारण कुठल्या वर्षांतली हे सांगता येतं. पानावर बहुतेक दोन लिंक असायच्या, एक नॅरोबँडची (हळू लाइनसाठी) आणि एक ब्रॉडबँडची (जलद लाइनसाठी). हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आपल्याकडे काय होतं, व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सुरू केलं पण रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात ते पोचलं, सायबर कॅफे निघाले, त्याला पुढे काही वर्षं गेली. कॅफेत तासाला पैसे मोजून डाऊनलोड, मग सीडी राइट करून घरी. शिवाय कॉम्प्युटरच्या मासिकांसोबत सीडी यायच्या त्यात ट्रेलर आणि गेमचे डेमो असायचे, आणि मुंबईतले चाकरमानी भाऊ-दादा लॅमिंग्टन रोडवरनं सीडी घेऊन गणपतीला यायचे. त्यामुळे या फाइल्स फक्त जपानी सर्व्हरवरच शोधायच्या असं काही नाही, तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेतही असू शकतात आणि तिथल्या फाइल्स जास्त धोक्यात आहेत. म्हणून सुरुवात तिथनं करायची.

घरचा माळा

ज्या सीडीवर मार्करने "मिक्स", "बॅकअप", "डाऊनलोड्स", "कार्टून" असलं काही लिहिलंय ती आधी काढा. कुठलीही सीडी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी खिडकीसमोर धरून बघा. आरपार उजेडाचे बारीक बारीक ठिपके दिसले तर वरचा चकाकणारा थर तिथे गेलाय, तेवढा डेटा परत येत नाही. कडेने पांढरट किंवा कॉफीसारख्या रंगाचं फांद्या फुटल्यासारखं जाळं दिसलं तर ती बुरशी, आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत हे व्हायचंच, आणि नुसती पृष्ठभागावर असेल तर पुसून जाते. पुसायचं कसं तर गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर नाहीतर गॅरेजमध्ये मिळतं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, चष्मा पुसायचं मऊ फडकं, आणि मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत हलक्या हाताने. गोल गोल कधीच पुसू नका, कारण डेटा गोल रेषेत लिहिलेला असतो, त्या रेषेतच ओरखडा गेला तर सलग भाग जातो. थिनर, पेट्रोल, टूथपेस्ट काही नको. आणि लोकांना वाटतं खालची बाजू नाजूक, पण सीडीत वरची लेबलची बाजू जास्त नाजूक, चकाकणारा थर तिथेच आहे आणि वर फक्त वार्निशसारखा पातळ लेप.

आता अगदी आपल्याकडची गोष्ट. पावसाच्या आधी आपण पापड, कोकमं, गाद्या सगळं अंगणात उन्हात घालतो, तसं सीडी उन्हात घालायच्या नाहीत! घरी राइट केलेल्या सीडीत डेटा रंगाच्या थरात असतो आणि ऊन त्या रंगाला खातं. ओल लागलेली सीडी पंख्याखाली सावलीत सुकवायची. डांबराच्या गोळ्या टाकलेल्या कपाटात पण ठेवू नका, त्यांची वाफ प्लास्टिकच्या डब्यांना चांगली नाही.

सीडी वाचताना साधं कॉपी-पेस्ट करू नका, एक खराब सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा) आला की विंडोज सगळं सोडून देतं. आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये जशीच्या तशी नक्कल, काढायची. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू फुकट आहे आणि या कामाला उत्तम. ते पहिल्या फेरीत जे सहज वाचलं जातं ते घेतं, नडलेला भाग बाजूला ठेवतं, नंतर त्या भागावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, आणि काय वाचलं काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. या मॅप फाइलचा फायदा म्हणजे तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून त्याच नोंदीवरून पुढे चालू करता येतं. एका ड्राइव्हला न वाचलेला सेक्टर दुसऱ्याला वाचतो, हे अगदी नेहमी होतं, म्हणून शेजाऱ्याचा जुना लॅपटॉप, भावाचा यूएसबी रायटर, जे मिळेल ते वापरून बघा. स्पीड कमी ठेवा.

व्हीसीडी असेल तर वेगळं. व्हीसीडीचा व्हिडिओ ट्रॅक साध्या डेटासारखा लिहिलेला नसतो, त्याच्या सेक्टरमध्ये चुका दुरुस्त करायची जादाची माहिती काढून तिथे पण व्हिडिओ भरलेला असतो. त्यामुळे नेहमीची आयएसओ इमेज अपुरी निघते. त्यासाठी सीडीआरडीएओसारखं टूल घेऊन रॉ मोडमध्ये बिन आणि क्यू अशी जोडी काढायची, एका सेक्टरला २३५२ बाइट. एमपीइजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल नुसती ओढून घेतली तरी ती बघता येते पण तिला मूळ म्हणू नका. जपानी व्हीसीडी असेल तर चित्र ३५२ बाय २४०, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल (PAL) पद्धतीची असेल तर ३५२ बाय २८८, यावरून डिस्क मूळची की इथे बदलून बनवलेली हेही कळतं.

जुनी हार्डडिस्क मिळाली, बंद पडलेल्या कॅफेची म्हणा किंवा भंगारवाल्याकडची, तर वेगळ्या पॉवर अडॅप्टरवाला आयडीइ टू यूएसबी कनेक्टर घ्या, त्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर त्या फिरत नाहीत. तिचीही आधी इमेज, मग इमेजमधनं शोध. हे काम यूपीएसवर करा आणि ढग गडगडायला लागले की हात आवरा, कॉपी चालू असताना लाईट गेली तर आधीच म्हातारी झालेली डिस्क पुन्हा उठेलच असं नाही. आणि त्या डिस्कवर कुणाचे घरचे फोटो, पत्रं, बँकेचे कागद असले तर ते आपले नव्हेत. मालक माहीत असेल तर त्याला द्या, नसेल तर उघडू नका आणि काम झालं की पुसून टाका.

नेटवर शोधताना

पहिली गोष्ट, रोमन लिपीत शोधू नका. कलाकाराचं किंवा मालिकेचं नाव जपानी विकिपीडियावरून कॉपी करा आणि तेच शोधात टाका. सोबत व्हिडिओसाठी जपानीत डोगा, ट्रेलरसाठी योकोकुहेन, नेटवरून प्रसारणासाठी हाइशिन असे शब्द आहेत, ते पण जपानी लिपीत. आताच्या सर्च इंजिनमध्ये फारसं सापडत नाही कारण मूळ पानंच गेलीत, त्यामुळे शोधातून व्हिडिओ नाही तर जुन्या साइटचा पत्ता मिळवायचाय हे डोक्यात ठेवा. तो पत्ता जुन्या मासिकाच्या स्कॅनमध्ये, सीडीच्या कव्हरवर, ट्रेलरच्या शेवटच्या फ्रेमवर छापलेला असतो.

पत्ता मिळाला की वेबॅक मशीन, म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचा जुन्या वेबपानांचा साठा. ते १९९६ पासून पानं साठवतायत. तिथे साइटचा पत्ता आणि शेवटी स्लॅश आणि तारा टाकला की त्या साइटच्या जेवढ्या म्हणून फाइल्स साठवल्यात त्यांची यादी येते, मग वर फिल्टरच्या चौकटीत आरएम, आरएएम, एमओव्ही, एएसएफ, एएसएक्स, डब्ल्यूएमव्ही, एमपीजी, एव्हीआय, एसडब्ल्यूएफ हे एकेक टाकून बघायचं. पानावरच्या लिंका क्लिक करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण पान साठवलं गेलं नाही पण फाइल साठवली गेली किंवा उलट, असं सारखं दिसतं. फाइल डाऊनलोड करताना पत्त्यातल्या तारखेचे जे १४ आकडे असतात त्यांच्या शेवटी लगेच छोट्या रोमन अक्षरात आय, डी आणि एक अंडरस्कोर टाका, म्हणजे वेबॅक स्वतःचं काही न घुसवता मूळ बाइट देतं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडतात आणि सोडून देतात ते. यादीत आरएएम फाइल दिसते, आनंदाने उतरवता आणि ती निघते ५०-६० बाइटची. ती खराब नाहीये. तिला नोटपॅडमध्ये उघडा. आत एकच ओळ असते, सुरुवातीला पीएनएम किंवा आरटीएसपी, मग सर्व्हरचं नाव, मग एकात एक दोन-तीन फोल्डर आणि शेवटी खरी फाइल, योकोकु५६ डॉट आरएम असं काहीतरी. म्हणजे आरएएम हा नुसता पत्ता, व्हिडिओ दुसरीकडेच. विंडोज मीडियात हेच काम एएसएक्स करते, तिच्यात एचटीएमएलसारखे कंस आणि एमएमएस ने सुरू होणारा पत्ता. क्विकटाइममध्येही अशी रेफरन्स मूव्ही असते, एमओव्ही म्हणून दिसते पण साइज काहीशे बाइट नाहीतर एक-दोन केबी, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की कचऱ्यातून खऱ्या फाइल्सची नावं दिसतात.

पत्ता मिळाला की त्यातलं आरटीएसपी किंवा एमएमएस काढून एचटीटीपी लावा आणि वेबॅकला द्या. मध्ये रॅमजेन नावाचं फोल्डर असेल तर ते काढून टाका, ते रियलच्या सर्व्हरने आरएएम बनवायला वापरलेलं सोंग असतं, खरं फोल्डर नव्हे. पोर्टचा आकडा असेल तर तोही काढून बघा. खरंच फक्त स्ट्रीमिंग सर्व्हरवर असलेला व्हिडिओ वेबॅककडे नसतो, त्यांचा पानं गोळा करणारा प्रोग्राम त्या भाषेत बोलतच नव्हता, पण बऱ्याच छोट्या कंपन्या स्वतःचा स्ट्रीमिंग सर्व्हर न घेता साध्या वेब सर्व्हरवरच फाइल ठेवायच्या, त्या मिळतात. आणि ५६के सापडली की नावातला आकडा बदलून ३००के, ५००के करून बघा, नॅरोबँडची लिंक साठवली गेली असेल तर ब्रॉडबँडची बाजूच्याच फोल्डरमध्ये असू शकते. डोमेन आज भलत्याच कुणाकडे असलं तर घाबरू नका, जुन्या तारखा बघायच्या.

फॅन लोकांची पानं सोडू नका. लोकांना स्वतःची पानं ठेवू देणारं जिओसिटीज जपान ३१ मार्च २०१९ पर्यंत चालू होतं, अमेरिकेतलं २००९ मध्येच बंद झालं होतं, आणि ते बंद व्हायच्या आधी लोकांनी भरपूर साठवून ठेवलं. या पानांवर लिंकांच्या लांबच लांब याद्या असतात, "अमुक साइटवर नवीन ट्रेलर आला" असं तारखेसकट लिहिलेलं असतं. अधिकृत साइटचा नकाशा अधिकृत साइटपेक्षा या पोरांनी चांगला ठेवलाय. पान उघडल्यावर सगळी अक्षरं विचित्र चौकोन आणि चिन्हं दिसली तर एन्कोडिंगचा प्रॉब्लेम, तेव्हाची जपानी पानं शिफ्ट-जिस नाहीतर ईयूसी-जेपीमध्ये असायची. फायरफॉक्समध्ये व्ह्यू मेनूत टेक्स्ट एन्कोडिंग दुरुस्त करायचा पर्याय आहे. फाइल एलझेडएच निघाली तर तो जपानमध्ये झिपसारखा वापरला जाणारा प्रकार, सेव्हन-झिप उघडतं.

दुसरी मोठी खाण म्हणजे मासिकांच्या सीडी. इंटरनेट आर्काइव्हवर लोकांनी हजारो सीडीच्या इमेज टाकल्यात आणि २०२२ मध्ये आलेलं डिस्कमास्टर त्या इमेजच्या आतल्या फाइल्स शोधू देतं, फाइलच्या प्रकारावरून, साइजवरून, वर्षावरून. वेबवर ट्रेलरची ५६केची आवृत्ती उरलेली नाही पण त्याच ट्रेलरची क्विकटाइम फाइल सीडीवर चांगल्या साइजमध्ये पडलेली आहे असं होतं. या डिस्क बघताना घाई करू नका, जपानी डिस्कच्या फोल्डरांची नावं मोडलेली दिसतात, एकेक उघडून बघावी लागतात.

निकोनिको ही जपानी व्हिडिओ साइट २००६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, तिथे जुन्या टेप आणि फाइल्स लोकांनी चढवून ठेवल्यात. तिथलं काही साठवत असाल तर व्हिडिओवरून सरकणाऱ्या कमेंट पण वेगळ्या फाइलमध्ये साठवा, वायटी-डीएलपी या व्हिडिओ उतरवायच्या टूलला ते जमतं, कारण लोक कुठल्या सेकंदाला काय म्हणाले हाही त्या गोष्टीचाच भाग. जून २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा ती अख्खी साइट ऑगस्टपर्यंत बंद होती. एवढ्या मोठ्या साइटचं असं होतं.

काही गोष्टी मिळूनही उघडणार नाहीत. ग्याओ नावाची फुकट व्हिडिओ साइट २००५ मध्ये आली आणि ३१ मार्च २०२३ ला बंद झाली, तिचे सुरुवातीचे व्हिडिओ विंडोज मीडियाच्या डीआरएममध्ये, म्हणजे लायसन्स मिळाल्याशिवाय न उघडणाऱ्या कुलपात होते. लायसन्स देणारा सर्व्हरच नाही तर कुणाच्या डिस्कवर फाइल असूनही ती कुलूपबंद. ठेवून द्या, नोंद करा, पुढे चला.

फाइल खरी कोणती हे ओळखणं

नावाच्या शेवटावर विश्वास ठेवू नका. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम) पहिले काही बाइट बघा. रियलची फाइल टिंब आणि रोमन आर, एम, एफ ने सुरू होते, एव्हीआय असेल तर आर, आय, एफ, एफ, फ्लॅशचा व्हिडिओ एफ, एल, व्ही, फ्लॅशचं ॲनिमेशन एफ, डब्ल्यू, एस किंवा कॉम्प्रेस केलेलं असेल तर सी, डब्ल्यू, एस. वेबॅकवरून उतरवलेली "आरएम" फाइल उघडल्यावर आत एचटीएमएल दिसलं तर ते पान सापडलं नाही सांगणारं पान आहे, दुसरी तारीख घ्या. मग मीडियाइन्फो हे टूल लावून कोडेक (व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबून भरलाय ते), साइज, लांबी, फ्रेम रेट लिहून ठेवा. लांबी तीन मिनिटं सांगते आणि व्हिडिओ ४० सेकंदांनी थांबतो, तर फाइल अर्धवट उतरलीय, दुसऱ्या तारखेची प्रत पूर्ण असू शकते. रियलची अर्धवट फाइल जेवढी आहे तेवढी चालते. एव्हीआयची यादी शेवटी असते, ती तुटली तरी प्लेअर कसंबसं चालवतो. क्विकटाइमचं अवघड, तिची अनुक्रमणिका शेवटी असेल आणि तीच नसेल तर काही दिसत नाही. फेकू मात्र नका.

चालवणं आणि बदलणं

व्हीएलसी आणि एमपीसी-एचसी बहुतेक सगळं चालवतात, मागे एफएफएमपेग हे व्हिडिओ वाचायचं-बदलायचं फुकट टूलच असतं आणि त्याला रियलव्हिडिओच्या जुन्या आवृत्त्या, सोरेनसन, सिनेपॅक, इंडिओ, मायक्रोसॉफ्टचे जुने एमपेग-४ हे सगळं समजतं. जे नाही चालत त्यासाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर) विंडोज ९८ किंवा एक्सपी टाकून त्या काळचा प्लेअर चढवा, आणि त्या मशीनला नेट जोडू नका, एक्सपीला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत.

बघायला सोपी प्रत हवी असेल तर एच.२६४ मध्ये बनवा, क्वालिटी चढी ठेवा, साइज मूळचीच ठेवा, फ्रेम रेट बदलू नका कारण रियलमध्ये तो स्थिर नसतो आणि २९.९७ वर बळंच बसवला की चित्र अडखळतं. नुसता डबा बदलायचा असेल, म्हणजे आतल्या चित्राला हात न लावता एमकेव्हीत घालायचं असेल, तर एफएफएमपेगला कोडेक कॉपी सांगितलं की झालं. एफएफव्ही१ हे लॉसलेस (चित्रातलं काहीही न गमावणारं) प्रकरण मला फक्त दोन ठिकाणी पटतं, टेप कॅप्चर करताना आणि जी फाइल फक्त व्हर्च्युअल मशीनमध्येच चालते तिचं चित्र पकडताना. बाकी ठिकाणी मूळ फाइल पुरेशी आहे, उगाच दहापट मोठी प्रत करून डिस्क भरू नका. एआयने मोठं करून बघायचं तर बघा, पण ते मूळ म्हणून पुढे पाठवू नका, १६० बाय १२० मधल्या चेहऱ्याला ते मशीन स्वतःच्या मनाने डोळे काढतं आणि पाच वर्षांनी कुणाला कळणार नाही की ते डोळे त्या बाईचे नव्हतेच.

फ्लॅशचं वेगळं सांगतो. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फ्लॅश चालवायलाच नकार दिला. जपानी लोकांनी त्या काळात घरी बसून केलेली फ्लॅश ॲनिमेशन भन्नाट आहेत. ती रफल नावाच्या एम्युलेटरमध्ये बऱ्यापैकी चालतात. त्यांचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून समाधान मानू नका, एसडब्ल्यूएफच ठेवा, कारण त्यात बटणं असतात, लपवलेले सीन असतात. आणि कधी कधी ती फाइल बाजूच्या दुसऱ्या एसडब्ल्यूएफ नाहीतर एमपी३ ला हाक मारते, म्हणून अख्खं फोल्डर घ्या.

ठेवणं

प्रत्येक फाइलला शा-२५६ चेकसम (फाइल जरा जरी बदलली तरी बदलणारा तिचा आकड्यांचा ठसा) काढा आणि एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा: मूळ पत्ता, वेबॅकची तारीख किंवा कुठल्या सीडीवरून काढली, कोणी काढली, कोडेक, लांबी, आणि व्हिडिओत काय दिसतं ते मराठीत दोन ओळी. जपानी नाव जसंच्या तसं कॉपी करा. ज्या पानावर ती लिंक होती ते पानही साठवा, चित्रांसकट, कारण तारीख, कलाकारांची नावं आणि "फक्त या महिन्यापुरतं" असली सूचना पानावरच असते. सीडीचा आणि कव्हरचा फोटो काढा.

मग तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक गावाबाहेर. कोकणात हे शेवटचं जास्त महत्त्वाचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड झोडपला, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. तळमजल्यावरच्या कपाटात तीनही प्रती असतील तर त्या एकच प्रत आहेत. पुण्या-मुंबईला जो आतेभाऊ, मावसबहीण, काका असेल त्याच्याकडे एक डिस्क ठेवा, गणपतीला तो येताना घेऊन येईल, तुम्ही नवीन भर घालाल, चेकसम तपासाल, जाताना तो परत नेईल. शिमग्याला आला तर तेव्हाही.

घरातली प्रत चिऱ्याच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, पावसात ती भिंत ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की बदला. निळं जेल असेल तर ते स्वयंपाकाच्या कढईत तापवून सुकवू नका, त्यात कोबाल्ट असतं, केशरी रंगाचं मिळालं तर ते घ्या. खाडीजवळ किंवा समुद्राला लागून घर असेल तर यूएसबीची टोकं गंजतात, झाकण असलेली केबल वापरा. एसएसडी बिनवापराची वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची गोष्ट नव्हे, करंटशिवाय राहिली की त्यातला डेटा हळूहळू विरतो, त्यासाठी साधी हार्डडिस्क बरी आणि तीही अधूनमधून फिरवलेली.

शेअर करण्याबद्दल लोक विचारतात म्हणून. जपानमध्ये चित्रपट प्रकारच्या कामाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ७० वर्षं, आपल्याकडे ६० वर्षं, म्हणजे यातलं काहीही अजून मोकळं झालेलं नाही. आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर आणि अभ्यासासाठी सवलत आहे, जपानमध्ये मात्र विकत मिळणारा व्हिडिओ बेकायदा चढवलेला आहे हे माहीत असूनही उतरवणं हा ऑक्टोबर २०१२ पासून दंडनीय गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या मित्राला फाइल मागताना त्याला अडचणीत आणू नका. अख्खे व्हिडिओ सरसकट चढवत सुटण्यापेक्षा तुमच्याकडे काय आहे त्याची यादी उघडी ठेवा, फाइलचं मूळ नाव, साइज, लांबी आणि चेकसम एवढंच. तेवढ्यावरून दुसऱ्या माणसाला कळतं की त्याच्याकडची अर्धवट फाइल आणि तुमची पूर्ण फाइल एकच आहे का, आणि ज्याचा तो व्हिडिओ आहे त्या स्टुडिओला किंवा कलाकाराला कधी हवा झाला तर तोही तुमच्यापर्यंत पोचू शकतो. यादीत अर्धवट आणि न उघडणाऱ्या फाइल्सही घाला.